व्हॉल्व्हवरचा झेंडा

आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. ते सोडायचा व्हॉल्व्ह गल्लीच्या तोंडाशी, लोखंडी झाकणाखाली. पंधरा ऑगस्टला बद्रीनाथभाऊंनी बरोबर त्या झाकणावर सिमेंटचा ओटा बांधला आणि वर झेंडा लावला. हीच जागा का? तर फोटोत मागं त्यांच्या साड्यांच्या दुकानाची पाटी येते.

झेंड्याला माझी ना नव्हती. पहिला सलाम मीच ठोकला.

पाण्याच्या दिवशी पाणी सोडणारा अभय आला. खांद्यावर लांबलचक चावी घेऊन ओट्याभोवती फिरला. "झाकण कुठंय?"

"देशाखाली," मी म्हणालो.

बद्रीनाथभाऊ दुकानातून ताडकन बाहेर. "धम्मपाल, देशाला नावं ठेवतो?"

"भाऊ, रविवारी माझ्या लेकीचा, प्रेरणाचा साखरपुडा हाय. फुलंब्रीचे पाव्हणे येणार. ओटा जरा सरकवा. झेंडा तोच, दोरी तीच."

"आज ओटा सरकव म्हणतो, उद्या सरहद्द सरकव म्हणशील!"

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. कोरड्या नळाखाली हंडे लावून बसलेल्या गल्लीनं.

"सरहद्दीवर जवान तहानलेला उभा राहतो, अन् तुम्हाला आंघोळीचं पडलंय!"

पुंडलिककाका फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "नाय बा. आम्हाला टँकर यायचा. रोज."

"काका, तुम्हीबी फितूर?"

काका लंगडत घरात गेले. ज्यानं फौजेत गुडघा घालवला, त्याला साड्या विकणाऱ्यानं फितूर ठरवलं, आणि गल्ली परत टाळ्या वाजवून मोकळी. भित्री लेकाची.

मग सगळे चोरून जार आणायला लागले. पाणी विकत आणलं म्हणजे पाणी नाही हे कबूल केलं, म्हणजे गद्दारी. सरिताताईंनी तर जार दुपट्यात गुंडाळून कडेवर आणला. शेजारीण म्हणाली, "लई शांत हाय लेकरू."

बद्रीनाथभाऊ मात्र रोज पाइपनं अंगण धुवायचे. त्यांच्या घरामागं बोअर आहे. असली देशभक्ती बोअरवाल्यांनाच परवडते.

शनिवारी सकाळी बोअरची मोटर जळाली. दुपारी त्यांची बायको द्वारकाबाई रिकामी बादली घेऊन त्यांच्या दुकानात जाऊन बसली, गिऱ्हाइकांच्या मधोमध. तासाभरात भाऊंच्या हातात माइक.

"राष्ट्रहितासाठी ओटा हलवणार! विरोध करील तो गद्दार!"

तीच गल्ली, त्याच टाळ्या.

"भाऊ, हेच तर मी म्हणत होतो," मी म्हणालो.

"तू देश तयार नसताना म्हणला. ती गद्दारीच."

झेंडा घडी करून ठेवला, ओटा फोडला, अभयला बोलावून चुकलेल्या पाळीची चावी फिरवली. मी आत पिंपं भरत बसलो. बाहेर आलो तर नवा ओटा माझ्या दाराला चिकटून, वाट अडवून उभा. "तुझ्यावर नजर राहावी म्हणून," भाऊ म्हणाले.

रविवारी पाव्हणे खिडकीतून आत आले. झेंड्याकडं पाठ करायची नाही असा भाऊंचा हुकूम, म्हणून उलटे, आधी पाय टाकत. होणारे व्याही काकासाहेब अर्धे अडकले. बाहेर राहिलेल्या अर्ध्या अंगानं त्यांनी झेंड्याला सलाम केला. साखरपुडा झाला. पाणी पोटभर पाजलं.

नव्या ओट्याखाली ड्रेनेजचं झाकण आहे. गल्लीभराचं तिथूनच जातं, भाऊंच्या घराचंही. पुढच्या आठवड्यात ते साफ करायला माणसं येणार आहेत.

या वेळी मी बोललो नाही. गद्दारानं कशाला बोलावं?