नऊ नंबरचे बूट

दुकानातल्या माणसाने अंबुबाईचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि बूट खालून वर दाबला. बूट निम्मा गेला आणि अडला. त्याने तो काढला, फीत पुरती सैल केली, पुन्हा दाबला. अंगठ्याशेजारच्या बोटापाशी येऊन तो परत तिथंच थांबला.

"मावशी, बोटात जोडवी हायत की तुमच्या. ती काढल्याबिगर न्हाय जायचा हा."

"दुसरा दाखवा," शेजारी उभा असलेला तिचा मुलगा सिद्धनाथ म्हणाला.

"लेडीजमध्ये यापेक्षा मोठा येतच नाही साहेब. आतनं सगळी लोकर हाय. बर्फातला बूट अंगासरशीच पायजे. चार दिवसांपुरती जोडवी काढली तर..."

"खरंच की," सिद्धनाथची बायको प्रियंका म्हणाली. "आत्या, साबण लावून बघू का घरी? चार दिवसांचाच तर प्रश्न हाय."

"जोडव्यांना हात लावायचा न्हाय," सिद्धनाथ म्हणाला. आवाज इतका चढला की पलीकडं चपला बघणारी दोन माणसं वळून बघायला लागली. "बूट नसला तर नसला."

अंबुबाईने पाय खाली घेतला आणि लुगड्याचा काठ त्याच्यावर ओढला. नवी पेठेतलं हे तिसरं दुकान होतं. सोलापुरात डिसेंबरातसुद्धा दुपारी पंखा लावावा लागतो, तिथं बर्फाचे बूट कोण ठेवणार? जे एकदोघांकडं होते, ते काश्मीरला जाणाऱ्यांसाठी.

सिद्धनाथचं होटगी रस्त्याला पंपांचं आणि ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. यंदा माल चांगला खपला म्हणून कंपनीने त्याला सहल दिली होती. परदेशातलं अल्माटी नावाचं शहर, जानेवारीतले चार दिवस, दोन माणसं. पायलची दहावी होती, त्यामुळे प्रियंकाला निघता येत नव्हतं. तिनेच म्हटलं, आत्यांना न्या. अंबुबाईने आधी नाही म्हटलं, मग पासपोर्टला फोटो काढायला गेली, मग पुन्हा नाही म्हटलं. तिकीट आल्यावर तिने नाही म्हणायचं सोडलं. मुलगा कधी नव्हे ते हौसेने बोलत होता, त्याला किती वेळा नाही म्हणायचं?

फ्रिजच्या दारावर प्रियंकाने यादी लावली होती. आतून घालायचे गरम कपडे दोन जोड. लोकरीचे मोजे चार. हातमोजे. कानटोपी. ओठांचं मलम. बर्फात न घसरणारे बूट. सगळ्यावर खुणा झाल्या होत्या, शेवटच्या ओळीवर नव्हती.

"आज्जी, हितं हात घाल," पायलने फ्रिजचा वरचा कप्पा उघडून म्हटलं. "तिथं यापेक्षा जास्त थंडी असती. उणे पंधरा."

अंबुबाईने हात घातला. बर्फाच्या साच्याला बोटं चिकटली तशी मागं घेतली.

"मग मला हितंच ठिवा की चार दिस. तिकिटाचं पैसं वाचत्याल."

"तिथं आज्जी पॅन्ट घालणार हाय, पप्पा. लुगड्याच्या आतनं."

"घालती की. मेंढरं न्हाईत का अंगभर लोकर घालून हिंडत?"

सगळे हसले. सिद्धनाथही हसला, पण पंगतीत उशिरा बसलेल्या माणसासारखा, सगळ्यांच्या मागून. अंबुबाईने ते पाहिलं आणि तिला वाटलं, दुकानात ओरडल्याचं त्याच्या मनात राहिलंय.

जोडव्यांवरून तो का ओरडला, हे तिला आपल्या परीने समजत होतं. बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा महिपती मेंढरं घेऊन बीडच्या बाजूला गेला होता. ती आणि सिद्धनाथ बरोबर होते. एका बाजाराच्या दिवशी तंबाखू घेऊन येतो म्हणून तो गेला आणि आलाच नाही. पुढं कोणी म्हणालं नगरला दिसला, कोणी म्हणालं एका मठात पाणी भरतो. अठरा वर्षांच्या पोराला घेऊन तिने मेंढरं माघारी सांगोल्याकडं आणली, दोन वर्षं राखली, मग विकली. कपाळाचं कुंकू तिने पुसलं नाही. गेलेला माणूस आणि मेलेला माणूस एक नसतो, असं ती म्हणायची. हळदीकुंकवाला बायका तिच्यापाशी येऊन थोड्या थबकायच्या, तेव्हा ती आपणच कपाळ पुढं करायची. बांगड्या पिचल्या की नव्या भरायची. जोडव्यांखालचं बोट आता इतकं जाड झालं होतं की ती साबणाने निघणार नव्हती. निघाली असती तरी तिने काढली नसती, आणि पोरगा तेवढं जाणून आहे, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची नीलम्मा आली.

"अंबुबाई, विमानाचं पुस्तक दावा की. फोटो कसा आलाय बघू."

प्रियंका पायलला शिकवणीला सोडायला गेली होती. पासपोर्ट कुठं असतो ते अंबुबाईला माहीत होतं. तिने कपाटातली निळी फाईल काढली. नीलम्माने फोटो बघितला, डोळे लई मोठे केल्यात की हो, म्हणाली, आणि गॅसवर भात ठेवलाय म्हणून पळाली. अंबुबाई फाईल परत आवरायला बसली. आधार कार्डाची प्रत, तिकिटाचे कागद, फोटोंचं पाकीट. सगळ्यांत मागं एक घडी घातलेला कागद होता. तो निसटून खाली पडला, उघडला.

अंबुबाई दोन वर्षांपूर्वी वाचायला शिकली. शाळेत म्हाताऱ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला होता, पायलने हात धरून नेलं होतं. बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, कोणाचं नाव लिहायचं? नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हे लग्नापासून पाळलेलं. लिहायला मात्र कोणी मनाई केली नव्हती. ते चार अक्षरांचं नाव तिने आपल्या नावाच्याही आधी गिरवलं होतं. बाकीचं वाचताना अजून बोट लागायचं, ओठ हलायचे. ते नाव मात्र पाटीवर दिसलं असतं तरी लांबून ओळखलं असतं.

ते कागदावर होतं.

तिने कागद खिडकीपाशी नेला. वर मोठ्या अक्षरांत दाखल्याचं नाव होतं. पहिलं अक्षर तिला येत होतं, मृग नक्षत्रातलं. पुढचं जोडाक्षर तिने दोनदा फोडलं, तिसऱ्यांदा सगळं एकत्र म्हटलं. मृत्यू. मग बोट खाली नेलं. नाव. गाव, ओळखीचं नव्हतं, पण जिल्हा बीडच होता. मग तारीख. आकडे तिला मेंढरांमुळे आधीपासून येत होते. अकरा, नऊ, दोन हजार सोळा.

त्या साली पायल दुसरीत गेली होती. गणपतीत अंबुबाईने नवा चुडा भरला होता. मग आठ वटपौर्णिमा झाल्या. आठही वेळा ती वडाला दोरा गुंडाळून आली होती, आणि प्रत्येक वेळी सिद्धनाथने दुकानातून माणूस पाठवून फणस आणि आंबे आणून दिले होते. आपण नाही आला कधी. दरवर्षी त्या दिवशी त्याला गिऱ्हाईक असायचं.

पासपोर्टच्या वेळी एजंटाने नवऱ्याबद्दल विचारलं होतं, तेव्हा सिद्धनाथ म्हणाला होता, आई तू बाहेर बस, मी बघतो. तिने बाहेर बसून उसाचा रस प्याला होता.

तिने कागद होता त्याच घडीवर घडी घातला आणि मागं ठेवला. पुढं फोटोंचं पाकीट, पुढं तिकीट, पुढं आधार कार्ड. फाईल कपाटात ठेवली. मग तिथंच खाली बसली. रडू येईल म्हणून तिने पदर तोंडाशी धरून ठेवला, पण आलं नाही. नळाला पाणी आलं, पिंप भरून वाहायला लागलं, तेव्हा उठली.

संध्याकाळी सिद्धनाथ मोठं खोकं घेऊन आला.

"नऊ नंबर. पुरुषांचाय, पण काळाच हाय, कळत न्हाय. पाय पुढं कर."

तो फरशीवर मांडी घालून बसला. बूट जोडव्यांवरून सहज गेला, पण टाचेत चार बोटं जागा राहिली. अंबुबाई दोन पावलं चालली, तशी बूट मागं राहिला आणि पाय पुढं आला. पायल हसायला लागली. सिद्धनाथ हसला नाही. त्याने कापसाचं पुडकं फोडलं, बोळे केले आणि टाचेत कोंबायला लागला.

"बर्फात मानूस पडंल अशानं," प्रियंका म्हणाली. "अहो, त्यापेक्षा..."

"बसतोय. बसवतो मी."

दिव्याखाली त्याचं डोकं वाकलेलं होतं. मधे केस विरळ झालेले, बाजूला पांढरे. ही गोष्ट पोटात घेऊन तो तिशी ओलांडून चाळिशीत आला होता. तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं? बायका आल्या असत्या, बांगड्या फोडल्या असत्या, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत झालं असतं. त्या दिवशी त्याच्याने झालं नसेल. मग बाराव्या दिवशी नाही, मग वर्षाने कसं सांगणार? अंबुबाईच्या ओठावर शब्द आला. सिदा, मी वाचलं. एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर आठ वर्षांचा हिशेब त्याला तिथं फरशीवर, पोरीच्या पुढ्यात द्यावा लागला असता.

"घट झालं का बघ आता," तो म्हणाला.

"व्हय. झालं."

सकाळी ती एकटीच निघाली. कोपऱ्यावर प्रभुलिंग सोनाराचं दुकान होतं. तो नुकताच गादीवर बसून उदबत्ती लावत होता.

"या काकू. कधी निघायलाय परदेशाला?"

"सोमवारी. ही जोडवी कापून काढा बरं. बूट बसंना."

"एवढंच व्हय? आल्यावर नवी घालू." त्याने तिचा पाय पाटावर घेतला, बारीक कातर काढली. मग खणातून हळदीचा पिवळा दोरा काढून दाताने तोडला. जोडवी बदलायची असली की सवाष्णीचं बोट क्षणभरही मोकळं ठेवत नाहीत. आधी दोरा बांधायचा, मग जोडवं कापायचं. त्याच्या बापापासूनची ती पद्धत होती.

अंबुबाईने पाय थोडा मागं घेतला.

"दोरा नगं."

"बुटात आडवा येत न्हाय काकू. लई बारीक असतोय."

"म्हाईत हाय. नगं."

प्रभुलिंगचा हात तसाच राहिला. त्याने वर बघितलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, हातात हिरवा चुडा होता. ती त्याच्याकडं बघत नव्हती, रस्त्यावरून जाणाऱ्या दुधाच्या गाडीकडं बघत होती. त्याने दोरा परत खणात ठेवला आणि खण हळू लावला.

चांदी जुनी होती, कट्कन तुटली. बोटाभोवती खोल पांढरा वळ होता. तिथली कातडी तान्ह्या पोराच्या अंगासारखी मऊ होती. पन्नास वर्षं तिला ऊन लागलं नव्हतं.

"मोड ठेवून घेऊ का हितं?"

"नगं. कागदात बांधून द्या."

घरी आली तेव्हा सिद्धनाथ दुकानाला निघण्याच्या गडबडीत होता. तिने कोपऱ्यातलं खोकं त्याच्यापुढं सरकवलं.

"ह्यो नऊ नंबर माघारी दे. परवा पेठंत बघितला त्यो आण. त्यो बसतोय आता."

त्याने तिच्या पायांकडं बघितलं. किल्ल्या हातात होत्या, त्या त्याने खाली ठेवल्या.

"आई, कशाला काढली? मी म्हटलं हुतं ना तुला."

"बर्फात पडून हाड मोडून घिऊ का? परक्या मुलखात तुलाच उचलाय लागंल."

"बरं. आल्यावर घालू परत." तो खाली बसला. बुटातला कापूस काढायला लागला. एक बोळा काढला, दुसरा काढला, आणि थांबला. "प्रभुलिंगनं दोरा न्हाय बांधला?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. अंबुबाई खुर्चीत बसली होती. तिने यादीतले लोकरीचे मोजे शेजारून उचलले आणि त्याच्या हातात दिले.

"बांधत हुता. मीच नगं म्हणलं." मग पाय पुढं केला. "ह्ये घालून दाव कसं घालत्यात. मला यीना."

सिद्धनाथने मान वर केली नाही. त्याने तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला. मोजा बोटांवरून सावकाश ओढला. पांढरा वळ झाकला गेला. दुसऱ्या पायाचा मोजा हातात धरून तो तसाच बसून राहिला, आणि अंबुबाईनेही पाय काढून घेतला नाही.