बुटांची पावती

गल्ल्यावरची मुलगी मला 'काकू' म्हणाली, तिथेच माझं डोकं फिरलं. जेमतेम चाळिशीची बाई मी, आणि ही स्वतः तिशीला टेकलेली! त्या रागात पाकीट उपसत होते, म्हणून तिने "पावती मेलवर पाठवू का?" असं विचारलेलं मला नीट ऐकूच आलं नाही. भाचीने मात्र ऐकलं.

भाचीला आम्ही रेडिओ म्हणतो. सहा वर्षांची आहे आणि झोपेतही बोलते. काउंटरला लोंबकळून तिने तालासुरात एक मेल आयडी म्हणून दाखवला, ॲट द रेट आणि डॉट कॉमसकट. मुलीने तो टाइप केला आणि पोरीच्या हुशारीचं कौतुकही केलं.

"कुणाचा गं तो?" मी दुकानाबाहेर आल्यावर विचारलं.

"बाबांचा. त्यांनी पाठ करून घेतलाय. हरवले तर मोठ्या माणसाला सांगायचा, म्हणजे बाबा लगेच येतात."

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

तिचा बाप म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. धाकटीचा डावा हात कोपरात सरळ होत नाही, तो त्याच्यामुळे. ती पोरीला घेऊन निघाली तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, "कुठेही जा, शोधून काढीन. पुढच्या वेळी हातावर भागणार नाही." माझं घर त्याला माहीत होतं, म्हणून मीही ते सोडलं आणि आम्ही तिघी या शहरात आलो, जिथे आम्हाला काळं कुत्रं ओळखत नाही. मला लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम मिळालं, धाकटीला दवाखान्यात. पोरीला शाळा आवडायला लागली होती. आणि आता दुकानाची पावती आमचा ठावठिकाणा घेऊन त्याच्या फोनमध्ये जाऊन बसली होती.

मी तशीच आत परतले. "तो मेल काढ. आत्ताच्या आत्ता."

"पावती गेली हो, काकू. आता जाहिरातीही जातील. नको असतील तर तळाशी 'बंद करा' असतं, ते दाबायचं."

"कुणी दाबायचं?"

"ज्यांना मेल जातो त्यांनी."

मी दुकान डोक्यावर घेतलं. मग आवाज खाली आणून तिला धाकटीच्या हाताबद्दल सांगितलं. मुलीचा चेहरा पडला. तिने तिथल्या तिथे हेड ऑफिसला लिहिलं, पण नाव काढायला काही दिवस लागतात म्हणाली. एक गोष्ट तिने मला दाखवली. त्यांच्या प्रत्येक मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक बारीक चित्र असतं. मेल उघडला की ते चित्र दुकानाकडून मागवलं जातं आणि दुकानाला कळतं. पडद्यावर आमच्या पावतीपुढे लिहिलं होतं, 'उघडला नाही'.

घरी हे ऐकून धाकटीने आधी दाराची कडी लावली. पोरीला रागावली नाही. मला म्हणाली, "ताई, जाहिराती तो उघडतच नाही गं. हजारांनी पडून असतात. नुसत्या शिव्या घालतो."

आमची सगळी आशा त्या कचऱ्यावर होती. एरवी असल्या मेलांनी माझं डोकं उठतं, पण त्या दिवसांत जगातल्या झाडून सगळ्या गादीवाल्यांनी आणि विमावाल्यांनी त्याच्यावर तुटून पडावं, असं मला मनापासून वाटत होतं.

रोज काम सुटलं की मी दुकानात जायचे. मुलगी लांबूनच मान हलवायची. अजून उघडला नाही. पण मेल जातच होते. आधी 'आपलं स्वागत आहे', मग 'आपल्या जवळच्या शाखेत या', नकाशासकट. मग 'लहान मुलांच्या बुटांवर सूट'. प्रत्येकाच्या तळाशी शाखेचा पत्ता. रस्त्यात कुणी मागून भराभर चालत आलं की मी भिंतीला चिकटायचे. धाकटी रोज वेगळ्या रस्त्याने पोरीला शाळेत सोडायची.

एका संध्याकाळी मुलगी मला बघून दोन्ही हात हलवायला लागली. "थांबले काकू, मेल थांबले!"

त्या 'काकू'बद्दल मी तिला तिथेच माफ केलं. "हेड ऑफिसने काढलं ना?"

"तेच बघते." तिने पडदा माझ्याकडे वळवला आणि वाचता वाचता तिचं हसू विझलं. "नाही हो. ग्राहकाने स्वतः बंद केलंय. आज सकाळी."

त्याने सगळे मेल एकामागून एक उघडले होते. पावती, नकाशा, लहान मुलांचे बूट. मग तळाशी जाऊन, आमच्या शाखेच्या पत्त्याखालचं 'बंद करा' दाबलं होतं. बंद करताना कारण विचारतात. त्याने निवडलं होतं, 'आता गरज नाही'.

दुकानातूनच मी धाकटीला फोन केला. "बॅग भर."

घरी पोचले तेव्हा रेडिओ नवे बूट घालून भरलेल्या बॅगेवर बसली होती.

"मावशी, आपण परत हरवायला चाललोय?"

"हो."

तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. गाडी सुटली, शहर मागे पडलं, तरी तिने ते हात काढले नाहीत.