छत्तिसावा ळ

आत्याने छापखान्यात बत्तीस वर्षं प्रुफं तपासली, तीही अक्षरशः डोळ्यांत तेल घालून. पान तिच्यापुढे आलं की चूक आपणहून हात वर करते, असं तिथले लोक म्हणायचे. त्यामुळे सत्तरी ओलांडल्यावर तिच्या डोळ्यांनीच दगा दिला, तेव्हा भाच्याला आणि भाचेसुनेला तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. अगदी आंधळेपण नव्हतं ते. कडेचं सगळं दिसायचं, पडदा, खिडकी, दारातून कोण आलं ते. पण जिथे नजर लावावी नेमकं तेवढंच पुसून टाकल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार.

भाच्याने वाचनयंत्र आणलं. खाली पुस्तक ठेवायचं, वरच्या पडद्यावर अक्षर मोठं होऊन येतं. तिला दिसावं म्हणून ते इतकं मोठं करावं लागलं, की पडद्यावर एका वेळी एकच अक्षर मावायचं, फार तर शेजारच्याचा कान. पहिल्या दिवशी एक ओळ वाचायला तिला पाऊण तास लागला. शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. तिने यंत्र बंद केलं आणि त्यावर टॉवेल टाकला.

"राहू दे आत्या, मी वाचून दाखवते," भाचेसून म्हणाली.

तिने दोन संध्याकाळी वाचलंही. तिसऱ्या संध्याकाळी आत्या म्हणाली, "इथे काहीतरी गाळलंस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाई आत्ता खुर्चीत होती, ती एकदम जिन्यावर कशी?"

"अहो, नुसतं घराचं वर्णन होतं. दीड पान."

"तेच वाचायचंय मला," आत्या म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टॉवेल काढला.

ते दीड पान शोधण्यातच तिच्या नाकी नऊ आले. मध्येच कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करायला ती उठली, आणि परत येऊन बसली तेव्हा पडद्यावर एक ळ थांबलेला होता. शब्द कुठला होता ते तिला आठवेना. म्हणून ती नुसती त्या ळकडे बघत राहिली.

बत्तीस वर्षांत तिने किती ळ पाहिले असतील, गणती नाही. पण पाहिले म्हणजे ओलांडले. दाराचा उंबरठा कुणी बघत बसतं का? हा ळ मात्र वरच्या रेघेला निवांत टांगलेला होता, आणि त्याची दोन्ही पोटं भरलेली, गोल, सारखी. अगदी सारखी का? तिने पडद्याला अंगठा आणि तर्जनी लावून मोजलं. डावं पोट लहान होतं. चांगलं नखभर लहान. हात काढला की पुन्हा दोन्ही सारखी.

"हे कुणीतरी मुद्दाम केलंय," ती मोठ्याने म्हणाली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

मग तिने गोष्ट बाजूला ठेवली आणि अक्षरं बघायला लागली. ख सापडला. रव आणि ख यांच्या घोळाने तिला आयुष्यभर छळलं होतं. इथे र ची शेपटी पुढे येऊन व च्या पोटाला अशी अलगद मिळाली होती, की घोळाला जागाच नाही. ध च्या डोक्यावरची गाठ अशी मोकळी, की कुणी त्याला घ म्हणणार नाही. ल ला दोन पाकळ्या. ण चे दोन पाय शेजारी उभे, पण दोघांमधली फट काटेकोर मोजलेली. दिवसाला एक अक्षर, कधी दोन. जेवताना ती भाच्याला सांगायची, "आज भ बघितला. काय रुबाब आहे त्याचा."

"बरा आहे ना तो?" भाचा विचारायचा, जणू ती आजारी नातेवाइकाला भेटून आली होती.

पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, छपाईच्या अक्षरांचं वळण काढणाऱ्याचं नाव होतं. ते शोधायला तिला एक दुपार लागली. प्रकाशकाच्या कचेरीत तिला ओळखणारे अजून होते. त्यांनी नंबर दिला. भाचेसुनेने तो लावून फोन तिच्या हातात ठेवला.

"मी तुमचा ळ बघत होते," आत्या म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "कोणता?"

"म्हणजे? तुम्ही किती केलेत?"

"छत्तीस."

"मग हा छत्तिसावा असणार. डावं पोट लहान केलंय तो."

"उद्या येऊ का तुमच्याकडे?" तो म्हणाला.

तो आला तेव्हा त्याच्या बगलेत लांबट कागदी नळी होती. चाळिशीतला, बारीक, बोलायला चाचरणारा माणूस. अक्षरांवर मात्र बोलायला लागला की अडखळणं संपायचं. पोटं खरोखरच सारखी काढली तर डावं जड दिसतं, असं त्याने सांगितलं. गोल अक्षर खाली थोडं जास्त उतरवावं लागतं, नाहीतर सरळ दांड्याच्या शेजारी ते आखूड वाटतं.

"दिसायला सारखं हवं तर करताना वेगळं करावं लागतं," तो म्हणाला. "सहा वर्षं गेली. पण हे कुणाच्या लक्षात यायला नको, असंच असतं आमचं काम. लोकांनी शब्द वाचावा आणि पुढे जावं."

"मला पुढे जाताच येत नाही," आत्या म्हणाली. "म्हणून तुमची गाठ पडली."

त्याने नळीतून कागद काढले. एकेका कागदावर एकेक अक्षर, थाळीएवढं. तिने ते यंत्राशिवाय, मान तिरकी करून, नजरेच्या कडेने बघितले. भाचेसून चहा ठेवून गेली, तो निवला. क पाशी दोघं अर्धा तास होते. तिने कौतुक केलं की तो खाली बघायचा आणि कागद बदलायचा.

ह आला तेव्हा तिने तो कागद बदलू दिला नाही.

"काय झालं?"

"याची शेपूट घाईत संपलीय. बाकी सगळी जिथे थांबायचं तिथे थांबतात. हा मध्येच उठून गेलाय."

तो समजावू लागला. ह खाली उकार येतो. शेपूट लांबवली तर ती उकारावर आदळते, म्हणून आखूड ठेवली.

"उकाराची शिक्षा ह ला का?" आत्याने विचारलं. "उकार रोज थोडाच येतो?"

त्याने शेपटीच्या टोकावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मला तिथे नेहमीच खुपायचं. पण कुणी बोललं नाही, तेव्हा वाटलं मलाच भास होतोय."

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. चार ह आणले होते. पहिले तीन आत्याने नापास केले. चौथ्याची शेपूट खाली वळून, जरा रेंगाळून, बारीक होत थांबली होती. ती त्यावरून बोट फिरवत राहिली.

"आणि उकार?"

"उकारासाठी वेगळा ह काढला. दोन ह केले."

"एवढं सोपं होतं?"

"सोपं नव्हतं. पण तुम्ही विचारलंत तसं मला कुणी विचारलं नव्हतं."

आत्या हसली. बत्तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा केल्या होत्या. खूण केल्याबद्दल आभार मानायला कुणी घरी आलेलं तिला आठवत नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

पुढच्या आवृत्तीत नवा ह छापला गेला. दुसऱ्या पानावर, तळाशी, अक्षरं पाहणारी म्हणून तिचं नाव आलं. भाच्याने ते पान यंत्राखाली धरलं, तेव्हा नाव वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आडनावातला र छान बसलाय."

मग तिने अक्षरवाल्याला फोन लावायला सांगितला. अंकांचे कागद त्याने अजून दाखवले नव्हते, आणि पाचाबद्दल तिला काही विचारायचं होतं.