तीनदा टकटक

मी कडी बोलतेय. अडगळीच्या खोलीची, बाहेरून लागणारी. चोराला अडवायला माझा जन्म; पण अडगळ कोण चोरणार? या घरात मी अडवली ती पोरंच.

पहिला भुंगा. सारखा गुणगुणायचा, म्हणून हे नाव. तो रडला, चिडला, की त्याची आई त्याला आत घालायची, मला सरकवायची आणि म्हणायची, "रडून झालं की तीनदा टकटक कर." बाई वाईट नव्हती हो! तिच्या आईनेही तिला असंच वाढवलं होतं. ओठ चावत बाहेर उभी राहायची, पण आत जायची नाही. मी लोखंडाची, तरी माझा जीव तुटायचा.

आधी टकटक यायला तासभर लागायचा. मग अर्धा तास. सातव्या वर्षी तर दार लागताच टकटक! आई शेजारणीला सांगायची, "कित्ती शहाणा झालाय!" शहाणा कसला, डोंबल! फळीला कपाळ टेकून पोर हुंदके गिळायचं. हळूहळू त्याचं गुणगुणणंही बंद झालं. पुढे आई गेली, घरभर माणसं रडली. हा मात्र कोरडा ठणठणीत.

तेव्हापासून आत कुणी नसतानाही मला ती टकटक ऐकू यायची. खोटं नाही सांगत.

गेल्या वर्षी भुंग्याच्या लेकीने मैत्रिणीला कडकडून चावा घेतला. त्याने तिला आत घातलं, मला सरकवलं. "रडून झालं की तीनदा टकटक कर." आवाज त्याचा, शब्द आईचे. मला घाम फुटला.

टक. टक. टक. लगेच!

त्याने झटकन मला मागे ओढलं. दार उघडलं. लेक हसत होती, डोळे तुडुंब भरलेले. "झालं माझं, बाबा. शहाणी आहे ना मी?"

तो तिच्यासमोर खाली बसला. "का गं चावलीस?"

"मला खेळायला घेतच नव्हती ती."

"खूप वाईट वाटलं असेल. चावणं चूकच, उद्या आपण दोघं जाऊन माफी मागू. पण आधी रडून घे."

तिने भोकाड पसरलं. आणि इतक्या वर्षांनी तोही रडला, आईच्या नावाने, हमसून हमसून. लेक घाबरली नाही. त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "होऊ दे तुझं सावकाश. मी थांबते."

दुसऱ्या दिवशी त्याने मला उचकटून काढलं. आता खिळ्यांच्या डब्यात गंजत पडलेय, बरंच झालं. पण टकटक थांबलेली नाही. आता ती माझ्याच आतून येते; इतकी वर्षं ते दार मीच तर अडवून धरलं होतं.

म्हणून हात जोडून सांगते, तुमचं मूल फार लवकर गप्प झालं, तर खूश होऊ नका. दार उघडून आत जा.