हूल

"अहो, टाका ती पानं. काही नाही तुमच्याकडे," असं म्हणत बायकोने मधली सगळी बटणं स्वतःकडे ओढली.

खरंच काही नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पानं चांगली आली की त्याची मांडी हलायला लागायची, वाईट आली की घसा कोरडा पडायचा. रविवारी दुपारी साडूच्या घरी पोकरचा डाव बसायचा. पैशांऐवजी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली बटणं लावायची.

हरण्याचं त्याला काही नव्हतं. त्याला झोंबायचं ते वेगळंच. साडूने बटणांचा ढीग पुढे सरकवला, की बायको त्याच्याकडे टक लावून बघायची. ओठ चावायची, मधेच हसायची आणि शेवटी पानं टाकायची. नवऱ्याकडे मात्र एक ओझरती नजर, की निकाल लागला.

साडूने आधी तिलाच मागणी घातली होती. ती नाही म्हणाली, मग धाकट्या बहिणीशी त्याचं जमलं. का नाही म्हणाली, हे विचारायचा धीर याला इतक्या वर्षांत झाला नव्हता.

एकदा गॅलरीत त्याने साडूलाच विचारलं, "हूल देतोस कशी रे?"

साडू विमा विकायचा. त्याला बोलायला निमित्तच हवं असायचं. "साडूभाऊ, हूल रोज द्यायची नसते. महिनाभर फक्त चांगल्या पानांवर खेळायचं आणि पानं उघडून दाखवायची. लोक म्हणतात, हा गडी सरळ आहे. मग एकदाच द्यायची! आणि चेहरा लपवायचा नाही. सगळ्या पानांना एकच चेहरा."

त्याने ते मनावर घेतलं. लिफ्टच्या खड्ड्यात एकटा काम करताना चेहरा घोटवला. महिनाभर खरं खेळला. पानं कशीही येवोत, पाणी पीतच राहिला.

आणि एका रविवारी हातात ना जोडी ना रंग असताना त्याने होती नव्हती ती बटणं पुढे सरकवली. साडूने पानं टाकली. धाकटीने टाकली. उरली बायको.

तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. ओठ चावला. त्याचं काळीज सुपाएवढं झालं.

"नको बाई," म्हणत तिने पानं टाकली. त्यांत तीन राण्या होत्या.

त्याने आपली पानं उलटली, तसा साडू ओरडला, "वा रे पठ्ठ्या! ताई, चोर तुमच्या घरातच निघाला की!" सगळे हसले. बायको बटणं डब्यात भरत राहिली.

परतताना त्याने विचारलं, "मुद्दाम सोडलंस ना?"

"नाही हो. मला खरंच वाटलं."

तिने बटणांचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "भावजींना मी नाही का म्हटलं, ठाऊक आहे? त्यांचं खरं कुठलं नि खोटं कुठलं, कळायचंच नाही. आजही कळत नाही. जन्मभर अंदाज कोण बांधत बसणार? तुमचं बरं होतं."

"अगं, खेळच तो."

"हो. खेळच."

दोन दिवसांनी संध्याकाळी त्याला कामाचा फोन आला. बूट चढवता चढवता तो म्हणाला, "दवाखान्यातली लिफ्ट अडकलीय. यायला उशीर होईल."

लिफ्ट खरोखरच अडकली होती.

एरवी ती शिवता शिवताच 'बरं' म्हणायची. आज तिने मशीन थांबवलं, मान वर केली आणि ओठ चावत त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"बरं," ती म्हणाली.