माझ्यातली जागा संपली तेव्हा

मित्रांनो, कपाटाएवढ्या खोलीत लोखंडी मांडणीवर गुणगुणत बसलेला मी एक म्हातारा सर्व्हर. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या नोंदी सांभाळणारा संगणक. २०१२च्या दुष्काळात, छत्रपती संभाजीनगरला सगळे औरंगाबाद म्हणत तेव्हा, पाण्याचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेनं मला आणलं. कुठल्या विहिरीत किती पाणी उरलं आणि कुठल्या गावाला टँकर हवा, हे माझ्यात लिहिलं जायचं.

मला उभं केलं संस्थेत संगणकाचं काम बघणाऱ्या मधुसूदनकाकांनी. माझ्या डिस्कवर त्यांनी जागेचे कायमचे कप्पे पाडले नाहीत. "सगळ्या जागेचा एक हौद करायचा," ते म्हणाले, "आणि त्यातून लागेल तेवढी द्यायची. उद्या दुसरी डिस्क आली तर तीही याच हौदात येईल. आतलं काही हलवावं लागणार नाही."

त्या वर्षी माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की मला दाखवायला आणत. पुढं पाऊस बरा झाला आणि माझ्या खोलीत मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या. शहर मात्र चहूकडं पसरत होतं. नव्या वसाहतीही टँकर मागू लागल्या. कॅमेऱ्याचे मोबाइल हातोहाती आले तसे विहिरींचे, टँकरचे हजारो फोटो येऊ लागले. मी भरत चाललो होतो. 'जागा संपत आली' असा निरोप मी रोज पाठवत होतो, पण तो जात होता मधुसूदनकाकांच्या कार्यालयातल्या ईमेलवर, आणि ते कधीच निवृत्त झाले होते.

२०१६च्या मे महिन्यात एका सकाळी मी काठोकाठ भरलो. त्यानंतरची टँकरची एकही मागणी मला लिहून घेता येईना. कार्यालयातल्या पडद्यावर मात्र 'नोंद झाली' असंच दिसत राहिलं. मित्रांनो, त्या चार दिवसांची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी सोयगावकडच्या एका वाडीतून साळूबाईंचा फोन आला. गावच्या विहिरीत टेप सोडून त्या दर सोमवारी पाणी मोजत. फोन संगणकाचं काम बघायला नव्यानं लागलेल्या मृण्मयीनं घेतला.

"मावशी, तुमची मागणी इथं दिसत नाही."

"दिसत नाय कशी? बद्रीनाथनं लिवून घेतली की. चार रोज झाले. आता बाया हिरीत उतरून वाटीनं पाणी भरायल्यात. काल एकीचा पाय घसरला."

मृण्मयीनं आधी तालुक्याला फोन करून टँकर मागितला. मग ती माझ्या खोलीत आली, खुर्च्या बाजूला सारून माझ्यासमोर बसली आणि दुखणं शोधून काढलं.

कार्यालयाचे प्रमुख मंदार सर घाबरले होते. "पहिल्या दोन वर्षांच्या नोंदी पुसून टाक. कोण बघतं त्या? पाच मिनिटांत जागा होईल."

"सर, पुसलेलं परत येत नाही," ती म्हणाली. "दुपारपर्यंत वेळ द्या. तोवर गावांना विचारून हुकलेल्या आणि नव्या मागण्या वहीत लिहू."

कार्यालयात मागण्या लिहून घेणारा बद्रीनाथ बाजारातून नवी डिस्क घेऊन आला. तोवर मृण्मयीनं माझ्यातल्या सगळ्या नोंदींची दुसरीकडं नक्कल करून ठेवली. मग माझ्या रिकाम्या खाचेत ती डिस्क बसवली. आता खरी जोखीम होती. नवी डिस्क तयार करताना तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. आज्ञेत चुकून जुन्या डिस्कचं नाव पडलं, तर माझंच पुसलं गेलं असतं.

"बद्रीनाथ, मी लिहिलंय ते मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं आणि थांबला. "मॅडम, हे तर जुनीचं नाव हाय ना? नवी मोठी हाय. एकदा आकार बघा."

मृण्मयीनं हात मागं घेतला. आकार पाहिला, नाव खोडून पुन्हा लिहिलं आणि त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग नवी डिस्क हौदात आली, नोंदींची जागा वाढली. एकही आकडा जागचा हलला नाही. वहीतल्या मागण्या मी भराभर लिहून घेतल्या.

तेवढ्यात टँकरचालक कडुबाचा फोन आला. साळूबाईंच्या वाडीसाठी टँकर जिथं भरायचा, ती विहीर आटली होती. मृण्मयीनं २०१३च्या नोंदी उघडल्या. शेजारच्या गावातल्या एका विहिरीत त्या वर्षी मे महिन्यातही आठ फूट पाणी टिकून होतं. कडुबा तिकडं वळला. दिवस मावळायच्या आत वाडीत टँकर पोचला.

मंदार सरांनी पडद्यावरचे ते जुने आकडे वाचून काढले. मग त्यांनी माझ्या खोलीतल्या मोडक्या खुर्च्या एकेक करून स्वतः बाहेर नेल्या.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा सर्व्हर येतोय. त्याचं मला दुःख नाही. तुम्ही मोठे झालात आणि तुमच्या हाती माझ्यासारखा कोणी आला, तर अधूनमधून त्याचं दार उघडा, तो भरत चाललाय का ते पाहा, त्याच्या नोंदींची नक्कल दुसरीकडं ठेवा. आणि जुनं काही पुसावंसं वाटलं तर जरा थांबा. ज्याला तुम्ही नुसता आकडा म्हणाल, तो कुणीतरी भर उन्हात विहिरीच्या काठावर ओणवं होऊन वाचलेला असतो.