अंतरपाट दूर झाला नाही

मित्रांनो, लग्नाला गेल्यावर तुमचं लक्ष जिलेबीकडे असतं आणि मोठ्यांचं मानपानाकडे. नवरा-नवरीच्या मध्ये धरलेल्या पांढऱ्या कापडाकडे कोण कशाला बघतंय! ते कापड म्हणजे मी. मी एक जुना अंतरपाट आहे. मी दूर झालो की लग्न लागलं, आणि मी धरलेला असेपर्यंत लागलं नाही, एवढाच माझा अधिकार.

मला लातूरच्या गंजगोलाई बाजारातून आणलं, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या आमच्या गावात लग्न कुणाच्याही घरचं असो, अंतरपाट एकच. लग्न झालं की मला घडी घालून महादेवाच्या देवळातल्या ट्रंकेत ठेवायचे, आणि किल्ली पुजारी शरणप्पांच्या कमरेला. बायका मला डोळ्यांना लावायच्या. मीही काही कमी फुगत नव्हतो! नवरा आणि नवरी, दोघांचेही चेहरे एकदम दिसतात ते फक्त मला.

पण दिसायचं तेच खुपायचंही. कधी कधी नवरी म्हणून एवढीशी पोर उभी असायची. डोळे रडून लाल, हातात हार पेलवेना. मी दूर व्हायचो, अक्षता पडायच्या आणि पोर परक्या घरी जायची. मी काय करणार? कापडाला कोण विचारतंय!

पुढे मंगल कार्यालयं आली, जरीचे अंतरपाट आले, आणि मला कुणी ढुंकून बघेना. माझी आठवण व्हायची ती फक्त घाईच्या लग्नांना. पत्रिका नाही, बँड नाही, असली लग्नं. ट्रंकेचं कुलूप अचानक वाजलं की मी घडीत आणखी खोल दडायचो.

गेल्या वर्षी वैशाखात ते असंच वाजलं. शरणप्पा मला बाहेर काढत होते, तेवढ्यात अंगणवाडी सेविका कस्तुराबाई देवळात आल्या.

“कुणाचं लगीन हाय हो?”

“अण्णारावाच्या उज्वलाचं. शेतातल्या आखाड्यावर. साडेअकराचा मुहूर्त हाय.”

कस्तुराबाईंनी बोटांवर वर्षं मोजली. उज्वलाला लहानपणी त्यांनीच वजनकाट्यावर बसवलं होतं, खाऊ भरवला होता. पोरीची जन्मतारीख त्यांच्या रजिस्टरात होती. पंधरा वर्षं! नुकतीच नववी झालेली.

“द्या इकडं, मीच नेते,” म्हणत त्यांनी मला काखेत मारलं आणि देवळामागे जाऊन १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. मग ग्रामसेवक अंबरीश यांना. बालविवाह रोखायचं काम सरकारने गावोगावच्या ग्रामसेवकांवर सोपवलं आहे, आणि सेविका त्यांच्या मदतनीस. अंबरीश तालुक्याला बैठकीत होते.

“बाई, पोलीस आणि बालसंरक्षणच्या मॅडमला घेऊन निघतोच. तासभर लागंल. तोवर लगीन लागू देऊ नका. आरडाओरडा बी नको. पोरीला गाडीत घालून कर्नाटकात नेलं, तर कुठं हुडकायचं?”

एक तास! आणि मुहूर्ताला राहिली होती वीस मिनिटं.

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापुढच्या मांडवात, पन्नासेक पाहुणे होते. लग्न लावायला आलेले रेणुकादास महाराज घाईत दिसले. एका बाजूने मला शरणप्पांनी धरलं, दुसऱ्या बाजूने नवरीचे मामा मल्लिकार्जुन यांनी. एकीकडे निलंग्याचा सव्वीस वर्षांचा दुकानदार, दुसरीकडे मान खाली घातलेली उज्वला. महाराजांनी दोन मंगलाष्टका उरकल्या आणि तिसरीला तोंड उघडलं, तोच कस्तुराबाई पुढे झाल्या.

“थांबा महाराज. पोरगी माझ्या हातची हाय. मी म्हणते.”

मंगलाष्टक म्हणायला आलेल्या बाईला कोण नाही म्हणणार? त्या सुरू झाल्या. अंगणवाडीत बडबडगीतांनी तयार झालेला गळा तो! आधी गणपती, मग आठही विनायक, मग नद्या. महाराज घड्याळ दाखवू लागले, तशा बाईंनी पाहुण्यांची नावं गुंफायला घेतली. मग काय विचारता! आजोबा झाले, चुलते झाले. नवऱ्याचे काका बजरंग रुसून म्हणाले, “आमचं नाव ऱ्हायलं की बाई!” बाईंनी त्यांच्यावर अख्खं एक कडवं रचलं. मग आत्या पुढे सरसावल्या, मावश्या सरसावल्या. ज्याचं नाव येई तो छाती फुगवी, ज्याचं राही तो पुढे घुसे. अक्षता दोनदा संपल्या. मी तर हसून हसून सुरकुतलो.

“मुहूर्त टळून राहिलाय!” महाराज कळवळले.

बाई वेळ काढतायत, हे अण्णारावांच्या लक्षात आलं. “पुरं झालं बाई! मामा, काढा अंतरपाट!”

मल्लिकार्जुनांचा हात खाली आला. माझं एक टोक लोंबलं. आता संपलं, असं मला वाटलं. पण कस्तुराबाईंनी झडप घालून ते टोक पकडलं आणि वर उचललं.

“काढायचा न्हाई! ह्याच पाटाआड मला तेराव्या वर्षी उभं केलं व्हतं. चौदाव्या वर्षी लेकरू झालं, आन् गेलं. तवा कुणी पुढं आलं न्हाई. आज मी आलीय!”

होय मित्रांनो, त्या रडणाऱ्या पोरींमध्ये कस्तुराही होती. अण्णाराव दुसऱ्या बाजूला धावले. “शरणप्पा, सोडा म्हणतो ना!”

“न्हाई सोडत,” शरणप्पा म्हणाले. “लई येळा सोडला.”

तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. अंबरीश उतरले, पोलीस उतरले. महाराज गपकन खाली बसले, कारण असं लग्न लावणाऱ्यालाही शिक्षा होते. बालसंरक्षणच्या मॅडम कुणावरही न ओरडता थेट उज्वलाजवळ गेल्या. “बाळा, तुला काय पाहिजे?”

तिला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. तिने मान वर केली.

“मला धाव्वी करायचीय.”

तो चेहरा मी इतक्या जवळून पाहिला! चाळीस वर्षांत कुठल्या नवरीच्या तोंडावर असं तेज मी पाहिलं नव्हतं.

पुढे लातूरच्या बालकल्याण समितीपुढे अण्णारावांनी अठरा वर्षांआधी लग्न लावणार नाही असं लिहून दिलं. मॅडम दर महिन्याला घरी येऊन उज्वलाची विचारपूस करत राहिल्या. अण्णाराव वर्षभर कस्तुराबाईंशी बोलले नाहीत. यंदा पोरगी दहावीला शाळेत पहिली आली, तेव्हा मात्र अंगणवाडीच्या दारात येऊन उभे राहिले.

“बाई, तुमचं गाणं त्या दिशी लई लांबलं. बरं झालं.”

आता ग्रामसभेचा ठराव आहे. वयासाठी शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय शरणप्पा ट्रंक उघडत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या वर्गातली एखादी मैत्रीण एकाएकी यायची बंद झाली, तर गप्प बसू नका. शाळेतल्या बाईंना सांगा, १०९८ फिरवा. उज्वला शिकून मोठी होईल, आपल्या मर्जीने नवरा निवडील आणि मांडवात ताठ मानेने उभी राहील, तेव्हा मला बोलवा. मी आनंदाने दूर होईन. तोवर मला ट्रंकेत कसर लागली तरी चालेल.